गुलमोहराच्या बुंध्याला अळंबी, शेजारचा कडुनिंब मात्र स्वच्छ. असं का?

कारेलीबागकर: बडोद्यातल्या सोसायटीत एकाच ओळीत तीन गुलमोहर आणि दोन कडुनिंब आहेत. पाऊस सरता सरता एका गुलमोहराच्या बुंध्याशी, अगदी जमिनीला लागून, विटकरी रंगाच्या तीन कडक अळंब्या आल्यात. वरून लाखेसारखी चमक, कडेला पांढरी पट्टी. खालच्या पेव्हर ब्लॉकवर कोकोसारखी भुकटी साचते. त्याच झाडाच्या वाळक्या फांदीवर नखाएवढ्या करड्या पंख्यांची रांग आहे. दोन्ही एकच बुरशी का? खरवडून बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावला तर भागेल?

सुतारपक्षी: दोन वेगळ्या आहेत. खालची गॅनोडर्मा; भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. वरची स्किझोफायलम. जागेची वाटणी पाण्यावर झाली आहे. लाकडात ओल 20 टक्क्यांच्या खाली असली की बुरशी वाढत नाही. साधारण 30 टक्क्यांच्या वर तिला सोयीचं होतं, पण पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की हवा उरत नाही. म्हणूनच जिवंत झाडाचं रसाने भरलेलं बाहेरचं लाकूड सहजी कुजत नाही. साल फाटली, मूळ तुटलं की तिथे हवा शिरते आणि वाट उघडते. वाळकी फांदी उन्हात तापते, पावसात भिजते. स्किझोफायलमला ते चालतं: तिच्या खालच्या पट्ट्या मधोमध चिरलेल्या असतात, उन्हाने वळून मिटतात, भिजल्या की पुन्हा उघडतात. गॅनोडर्मा मुळांतून आणि बुंध्यातून खाते, कारण मातीलगतची ओल टिकते.

खोडवेडा: झाडाच्या जातीचाही वाटा मोठा. गुलमोहराचं लाकूड हलकं, ठिसूळ, लवकर कुजणारं. कडुनिंबाच्या गाभ्यात बुरशीला न मानवणारी द्रव्यं मुरलेली असतात. सागवानाचंही तेच: गाभा वर्षानुवर्षं टिकतो, बाहेरचं पांढरं लाकूड सडतं. पण कडुनिंब सुटला असं धरू नका, मुळं तुटलेल्या जुन्या कडुनिंबालाही गॅनोडर्मा लागते. तिघांतला हाच गुलमोहर का, याचं उत्तर जमिनीखाली असेल. आसपास खणलं होतं का?

कारेलीबागकर: हो, गटाराच्या पाइपसाठी, बुंध्यापासून हातभर अंतरावर. ब्लॉक त्यानंतरच बसवले.

खोडवेडा: मग तेच. खणताना जाड मुळं तुटली, वरून ब्लॉकने हवा अडली. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी तुंबून राहिलं असेल, तर गुदमरलेली मुळंही बुरशीच्या तोंडी गेली असतील.

सुतारपक्षी: खरवडून काही होत नाही. अळंबी म्हणजे फळ, बुरशीचं जाळं लाकडात खोल असतं. बोर्डो वरवरच राहतो. लाकडी मोगरीने बुंधा चहूबाजूंनी ठोका, पोकळ बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करा. कुजलेला तुकडा चिमटीत घ्या. गॅनोडर्मा पांढरी कूज करते, तो स्पंजासारखा, फिकट, तंतुमय निघेल. तपकिरी चौकोनी ढेकळं पडली तर बुरशी वेगळी, आणि त्या कुजीत लाकडाची ताकद फार लवकर जाते.

मग झाडांच्या तज्ज्ञाकडून बारीक सुईचं ड्रिल करून घ्या. 60 सेंटिमीटर व्यासाच्या खोडात शाबूत भिंत 9-10 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर धोका. पण इथे त्या आकड्यावर विसंबू नका: गॅनोडर्माची झाडं मुळातून उन्मळतात, तेही डोक्यावर हिरवा पाला असताना. तोवर खालचं पार्किंग हलवा, चहूबाजूंचे मीटरभर ब्लॉक काढा, ढोलीत सिमेंट भरू नका. झाड काढावंच लागलं तर परवानगी घ्या, खुंटासकट जाड मुळंही उपसा आणि त्या खड्ड्यात लगेच गुलमोहर किंवा शिरीष लावू नका. राहिलेल्या मुळांतून बुरशी नव्या रोपात जाते.