पुणे-नागपूर विमानाला नक्की किती वेळ धरायचा?

कोथरूडकर:
मंडळी, पुणे-नागपूर हवाई अंतर 605 किमीच्या आसपास दाखवतंय आणि विमान ताशी 800 ने उडतं म्हणे, मग पाऊण तासात पोचायला पाहिजे ना? तिकिटावर दीड तास कसा काय? डिसेंबरात मेव्हण्याचा साखरपुडा आहे, मुहूर्त 11:30 चा, हॉल नागपूरच्या महाल भागात, विमान 10 ला उतरतं. जमेल का? बायको म्हणते आदल्या दिवशीच निघू, पण मला सुट्टी नाहीये.

खिडकीची सीट:
तिकिटावरची वेळ नुसती हवेतली नसते हो. इथल्या गेटवरून विमान हललं की घड्याळ सुरू, तिकडे गेटला लागलं की बंद. आपलं लोहगाव विमानतळ पडलं हवाई दलाचं, धावपट्टी एकच, पुढे सुखोई असतील तर आपण आपले रांगेत उभे. आणि 800 चा वेग पूर्ण वर गेल्यावर मिळतो, एवढ्याशा अंतरात वर चढणं आणि खाली येणं यातच बराचसा प्रवास संपतो. शिवाय कंपन्या थोडा वेळ जास्तच धरतात, म्हणजे उशिरा सुटूनही वेळेवर पोचल्याची घोषणा करता येते (हे आपलं माझं मत).

वारकरी नव्हे वारावाला:
डिसेंबरात वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला असतो, त्यामुळे जाताना थोडा फायदा आणि येताना तेवढाच तोटा. पावसाळ्यात उलटं, तेव्हा वर पूर्वेकडून वाहतो. पण तुमचा खरा वेळ कोथरूड ते लोहगाव जाणार, तो कुठल्याच तिकिटावर लिहिलेला नसतो 😄

संत्रा बर्फी:
काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ, आमचं विमानतळ सोनेगावला आहे, गावातच, महालात अर्ध्या-पाऊण तासात पोचून जाल. पण डिसेंबरात आमच्याकडे हिवाळी अधिवेशन असते, तारीख त्यात येते का पाहून घ्या आधी. तेव्हा तिकिटं महाग, मोर्चे निघाले की रस्ते बंद, अन् सकाळी धुकं पडलं तर विमानच लेट. दीड तासाच्या भरवशावर साखरपुड्याला येऊ नका बावा.

भुसावळ जंक्शन:
वंदे भारत आहे की, 881 किमी, 12 तास. रेल्वे दौंड-मनमाड-भुसावळ असा वळसा घालून जाते म्हणून अंतर एवढं वाढतं. पण ती दिवसाची, तुमच्या कामाची नाही. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर रात्रीची गाडी पकडा, सकाळी नागपूर, सुट्टीही वाचली.

कोथरूडकर:
तारीख अधिवेशनातच येतेय. रात्रीच्या गाडीला आत्ताच वेटिंग 38 आहे, कन्फर्म होईल का?

भुसावळ जंक्शन:
लग्नसराईत? अवघड आहे. तत्काळला बसा.