आलं-लसूण विषाणूला अडवतात की नुसता घसा शेकतात?

अनवट: सर्दीची साथ आली की दोन टोकं दिसतात. कुणाला प्रत्येक मुळीत संजीवनी दिसते, कुणाला सगळंच थोतांड. मी पहिल्यांच्या थोडा जवळचा. 2013 मधला एक प्रयोग बघा: ताज्या आल्याच्या अर्कामुळे सर्दी-खोकला आणणाऱ्या आरएसव्ही या विषाणूला श्वसनमार्गाच्या पेशींना चिकटणंच अवघड झालं. सुंठीला मात्र ते जमलं नाही. लसणाची तर माणसांवर चाचणी झाली आहे. 146 जण, 12 आठवडे. लसणाची गोळी घेणाऱ्यांना सगळी मिळून 24 वेळा सर्दी झाली, नकली गोळीवाल्यांना 65 वेळा. मग प्रतिकारशक्तीला हातभार लागतो म्हणायला काय हरकत आहे?

खडूस: म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला ही म्हण शास्त्रशुद्ध निघाली तर!

शंकासुर: हरकत आहे. आल्याचा प्रयोग काचेच्या बशीतला. तिथे अर्क थेट पेशींवर पडतो. आपण गिळलेलं आलं जठर, आतडं, यकृत असा प्रवास करतं, त्यातलं घशा-फुप्फुसांतल्या पेशींपर्यंत किती पोचणार? बशीत तर साबणानेही हा विषाणू निकामी होतो, म्हणून साबण कुणी पीत नाही. आणि लसणाची तुम्ही सांगता ती एकच चाचणी, त्यात सर्दी झाली की नाही हे लोकांनी स्वतःच लिहून ठेवलेलं. लसणाचे ढेकर येणाऱ्याला आपल्याला कुठली गोळी मिळाली हे कळलं नसेल?

अनवट: ढेकरांचा मुद्दा मान्य. पण 24 आणि 65 हा फरक नुसत्या ढेकरांनी पडतो, हेही पटत नाही. दाखला एकाच चाचणीचा आहे हा दोष लसणाचा कसा? शिवाय हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात, अपाय तर नाही ना?

मिताली_क: अपाय नाही हे वाक्य मात्र मागे घ्या. माझ्या सासऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे. घसा बसला म्हणून ते महिनाभर रोज ज्येष्ठमध चघळत होते आणि बीपी काही केल्या उतरेना. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम घटतं, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलं. चघळणं सुटलं, बीपीही उतरलं. हळदीसोबत मिरी घ्या म्हणतात त्याचंही तसंच. मिरीतलं पाइपरीन काही औषधांचा निचरा मंद करतं, त्यामुळे फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. स्वयंपाकातल्या चिमटीने बिघडत नाही, पण अर्काच्या कॅप्सूल म्हणजे चिमूट नव्हे.

शंकासुर: नेमकं! आणि प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ म्हणजे काय? ताप, सूज, नाक वाहणं हा बराचसा तिचाच उद्योग. ती रेडिओचा आवाज आहे का, बटण पिळलं की वाढला?

अनवट: बरं, ‘वाढवतो’ हा शब्द मागे घेतो. अपायाचंही, औषधं चालू असणाऱ्यांपुरतं. पण गरम आल्याच्या पाण्याने घसा मोकळा होतो, झोप लागते, पोटात पाणी जातं. आजारी माणसाला हे कमी आहे का?

शंकासुर: कमी कोण म्हणतंय? आराम पडतो एवढंच लिहा, मी पहिला दुजोरा देईन. तुमच्या शीर्षकातल्या ‘अडवतात’वर माझा आक्षेप आहे.

अनवट: तिथे प्रश्नचिन्ह आहे हो.