हाताने क्वांटिटी काढणारा 'आळशी नाहीतर चोर' म्हणे!

ओळंबा: काल एका नव्या आर्किटेक्ट साहेबांनी लिहिलं, 'जो अजून हाताने क्वांटिटी काढतो तो आळशी नाहीतर चोर.' क्वांटिटी म्हणजे ड्रॉइंगवरून मोजलेलं काम आणि माल. गप्प बसणार होतो, पण लालबागला तीस वर्षं एस्टिमेटच काढतोय, त्यामुळे झोंबलं. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या पोराने पीडीएफवर माऊस फिरवून अख्ख्या मजल्याचं प्लास्टर काढलं. आकडा बघताच म्हटलं, अरे, हे संडासापुरतं आहे! ए-वन कागदाचं ड्रॉइंग कुणीतरी ए-थ्रीवर, म्हणजे निम्म्या लांबी-रुंदीच्या कागदावर छापलेलं, स्केल लिहिलेलं तेच 1:100. लांबी निम्मी, क्षेत्रफळ पाव. सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. आणि गिरगावातल्या ज्या गल्लीत ट्रक शिरत नाही, तिथे वाळू गोणीत भरून डोक्यावरून न्यावी लागते. ती मजुरी कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये कुठे दिसते?

रेव्हिटवाली: ती पोस्ट माझी नाही, भाषाही चुकीचीच. पण दाराच्या 900 मिमी रुंदीवर एकदा स्केल जुळवून घेतलं असतं तर? आमच्या ऑफिसात एका काकांची एक्सेल शीट पूज्य होती. त्यांनी स्टिल्टचं, म्हणजे तळाच्या खांबांवरच्या मोकळ्या मजल्याचं, स्टील शेवटच्या ओळीखाली घातलं, बेरीज वरच संपलेली. टेंडर भरल्यावर कळलं. आणि 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, तेव्हा आम्ही एका खान्यातला आकडा बदलला, सगळे रेट ॲनालिसिस, म्हणजे प्रत्येक कामाच्या दराची फोड, आपोआप बदलले. तुमचे किती दिवस चालले, काका?

ओळंबा: दोन. आणि मी तुमचा काका नाही.

बदलापूरकर: तुमचं चालू द्या. माझ्या घराच्या बिलात कॉन्ट्रॅक्टरने खिडक्यांच्या भोकांनाही प्लास्टर लावलंय. हवेला प्लास्टर! हे हाताने काढलेलं की कॉम्प्युटरने?

ओळंबा: ते नियमाने काढलेलं. आयएस 1200 वाचा, बांधकाम मोजायचं भारतीय मानक. अर्धा चौरस मीटरपर्यंत ओपनिंग वजाच करत नाहीत. अर्धा ते तीनला भिंतीच्या दोनपैकी एकाच बाजूची वजावट. त्या बदल्यात भोकाच्या आतल्या कडांचे वेगळे पैसे नाहीत.

बदलापूरकर: माझी खिडकी 1.2 बाय 1.2. म्हणजे वजा न केलेल्या बाजूचे 1.44 तुम्ही फुकट खाता. नऊ इंची भिंतीच्या कडा चारी बाजूंनी धरल्या तरी 4.8 गुणिले 0.23, म्हणजे 1.10. वरचे कुणाच्या खिशात?

ओळंबा: कधी थापी हातात धरलीय? सपाट भिंत गवंडी दणादण मारतो. कडेला ओळंबा, गुण्या, धार, सगळं बघावं लागतं. तो वेळ कोण देणार, तुम्ही?

बदलापूरकर: मग तसं बिलात लिहा. 'नियम आहे' म्हणून धमकावता कशाला?

रेव्हिटवाली: गंमत म्हणजे रेव्हिट, आमचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, भिंतीचं क्षेत्रफळ भोकं वजा करूनच देतं. तेच बिलात लावलं तर आयएसशी जुळत नाही. पहिल्या कामात यावरूनच कॉन्ट्रॅक्टरशी माझं वाजलं होतं. वजावट आता वेगळ्या शीटमध्ये मीच बघते. हो, हाताने. हसून घ्या.

ओळंबा: हसत नाही. पोराला स्केल जुळवायला शिकवलंय, तेवढं तुमचं ऐकलं. आणि बदलापूरकर, खिडकीमागे वरचे 0.34, बारा खिडक्या धरल्या तरी तुमचे चार चौरस मीटर होतात. तेवढ्यासाठी एवढा त्रागा?

बदलापूरकर: चार तर चार. माझे आहेत.