लिव्हर कॅन्सरचे जुने पॅराफिन ब्लॉक: आधी टेलोमिअरची लांबी मोजावी की टर्ट तपासावं?

ब्लॉक_८४:
शस्त्रक्रियेत काढलेल्या हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाचे (लिव्हर कॅन्सरचा मुख्य प्रकार) ८४ ब्लॉक, म्हणजे फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणात जपलेले तुकडे, आहेत, ३ ते ९ वर्षं जुने. प्रत्येकासोबत शेजारच्या लिव्हरचाही ब्लॉक आहे. निम्म्याहून जास्त रुग्ण हिपॅटायटिस बीचे. एथिक्स कमिटीची मंजुरी झाली आहे. आजार पुन्हा उलटेल का, हे टेलोमिअरच्या (गुणसूत्राच्या टोकाच्या) लांबीवरून सांगता येतं का ते पाहायचंय. क्यूपीसीआर (डीएनएचं प्रमाण मोजणारी पीसीआर) आणि फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आहे, सँगर सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेऊ. एनजीएसला (एकदम अनेक जनुकं वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगला) पैसे नाहीत. सुरुवात लांबीपासून करायचा विचार आहे. सोबत कोणती जनुकं घ्यावीत?

गुणसूत्र_पाच:
क्रम उलटा करा. आधी टर्टचा (टेलोमिअर लांबवणाऱ्या टेलोमरेज एन्झाइमच्या जनुकाचा) प्रॉमोटर, म्हणजे जनुक चालू-बंद करणारा भाग. मिनस १२४ आणि मिनस १४६ (प्रथिनाचा कोड सुरू होतो तिथून मागे मोजलेल्या) या दोनच जागा बघायच्या, दोन्हीकडे सी जाऊन टी येतो आणि ईटीएस गटातल्या, जनुक चालू करणाऱ्या प्रथिनांना चिकटायला नवी जागा तयार होते. लिव्हरमध्ये मिनस १२४च जास्त सापडतो. सुमारे १६० बेसचा एकच तुकडा दोन्ही जागांना पुरतो.

पहिल्या खेपेला पीसीआर बहुधा येणारच नाही, कारण हा भाग जी आणि सी या अक्षरांनी ठासून भरलेला आहे आणि धागे सहज सुटत नाहीत. ५ टक्के डीएमएसओ घाला, जमलं तर १ मोलर बीटेन, आणि डिनॅचरेशन (धागे वेगळे करणं) ९८ अंशांवर ठेवा.

सार्वजनिक डेटाशी ताडून बघणार असाल तर एक खड्डा आहे. मानवी जीनोमच्या संदर्भ नकाशाच्या जुन्या आवृत्तीत, एचजी१९मध्ये, या जागा १२९५२२८ आणि १२९५२५० आहेत, नव्या एचजी३८मध्ये १२९५११३ आणि १२९५१३५. जुना आकडा नव्या फाइलीत शोधला की 'म्युटेशन नाही' असं उत्तर येतं आणि कुणाला शंकाही येत नाही. शिवाय टर्ट उलट्या धाग्यावर आहे, त्यामुळे फाइलीत सी-टी नव्हे, जी-ए दिसेल. एक्झोम (फक्त प्रथिनांचा कोड असलेल्या भागांच्या) डेटाच्या भरवशावर राहू नका, प्रॉमोटर त्यात बहुतेक वेळा नसतोच.

फॉर्मलिन_बाधित:
वरच्या सल्ल्यात मोठी गोष्ट राहिली. फॉर्मलिनमुळे सायटोसिनचा युरॅसिल होतो आणि पीसीआरमध्ये तो टी म्हणून वाचला जातो. म्हणजे तुम्ही जो बदल शोधताय, नेमका तोच बदल जुना ब्लॉक खोटाखोटा दाखवू शकतो.

एचअँडई (नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या) स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टकडून ट्यूमरचा भाग आखून घ्या. १० मायक्रॉनचे ५-६ सेक्शन घ्या, दर ब्लॉकला पातं बदला. प्रोटीनेझ के (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) ५६ अंशांवर, मग ९० अंशांवर तासभर. पीसीआरआधी यूडीजी (युरॅसिल काढून टाकणारं) एन्झाइम वापरा. या दोन्ही जागांचं सी सीजी जोडीत नाही, त्यामुळे मिथाइल गटाची अडचण (मिथाइल लागलेल्या सीचा युरॅसिल न होता थेट टी होतो) येत नाही आणि यूडीजी इथे नीट काम करतं. तरीही प्रत्येक नमुन्याच्या दोन स्वतंत्र पीसीआर करा, दोन्हीत दिसलं तरच म्युटेशन माना. डीएनए फार कमी असेल तर एकच खराब रेणू वाढून सँगरच्या आलेखात मोठा पीक (टोक) देतो.

सँगरला साधारण १५-२० टक्क्यांखालचं दिसत नाही. ट्यूमर पेशी ४० टक्के असतील तर हेटरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीतलं) म्युटेशन २० टक्क्यांवर येतं, म्हणजे अगदी काठावर. त्याहून विरळ ब्लॉक 'निगेटिव्ह'मध्ये धरू नका, बाजूला ठेवा.

गुणसूत्र_पाच:
यूडीजीचं बरोबर, राहूनच गेलं. हिपॅटायटिस बीबद्दल आणखी एक. यात विषाणूचा डीएनए टर्टच्या आसपास घुसलेला बऱ्याचदा सापडतो, आणि ज्यात तो घुसलाय त्यात प्रॉमोटर म्युटेशन सहसा नसतं. म्हणजे म्युटेशन नाही म्हणून टेलोमरेज बंद, असं तुमच्या निम्म्या रुग्णांत म्हणता येणार नाही. बी आणि बाकीचे वेगळे मांडा. बाकी जनुकांत सीटीएनएनबी१चा एक्झॉन ३ आणि टीपी५३चा कोडॉन २४९ (अफ्लाटॉक्सिनची खूण) एवढं सँगरला झेपतं.

टीएस_रेशो:
लांबीकडे येऊ. क्यूपीसीआरमध्ये टेलोमिअरचा सिग्नल एकाच प्रतीच्या जनुकाशी भागतात. अनेक लॅबमध्ये त्यासाठी अल्ब्युमिनचा प्रायमर पडलेला असतो. लिव्हर कॅन्सरला तो वापरू नका. अल्ब्युमिनचं जनुक ४क्यूवर (चौथ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर) आहे आणि या ट्यूमरमध्ये ४क्यू वारंवार गळतं. भाजक घटला की टेलोमिअर आहे त्यापेक्षा लांब दिसतं, आणि तुम्ही त्याचा संबंध रुग्णाच्या वाचण्याशी लावत बसता. भाजक म्हणून बीटा-ग्लोबिन आणि ३६बी४ ही दोन्ही जनुकं लावा. दोघांचं उत्तर जुळलं नाही तर तो नमुना सोडा.

शिवाय ९ वर्षांच्या ब्लॉकमधला डीएनए ३ वर्षांच्या ब्लॉकपेक्षा जास्त तुटलेला असतो. ट्यूमर आणि शेजारचं लिव्हर एकाच प्लेटवर, तीन-तीन विहिरींत लावा. स्टँडर्ड कर्व्हचा उतार उणे ३.१ ते उणे ३.६च्या बाहेर गेला तर प्लेट पुन्हा.

मला विचाराल तर मायक्रोस्कोप आहे म्हणताय, तर पीएनए प्रोबने स्लाइडवरच फिश (टेलोमिअरला चिकटणाऱ्या चमकत्या प्रोबची तपासणी) करा. क्यूपीसीआर ट्यूमर, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी), स्ट्रोमा (आधार देणारी ऊती) सगळ्यांची सरासरी देतं. फिशमध्ये ट्यूमर पेशीचा ठिपका त्याच सेक्शनमधल्या लिम्फोसाइटशी ताडता येतो, ब्लॉकच्या वयाची भानगड बरीच मिटते.

ब्लॉक_८४:
फिश जमेल. मग शेजारचं लिव्हर नुसतं कंट्रोल म्हणून धरायचं ना?

कॉक्स_रिग्रेशन:
नाही, तिथेच फसाल. सिऱ्होसिसमध्ये (लिव्हर कडक होऊन खराब झाल्यावर) शेजारच्या हिपॅटोसाइटचं (लिव्हर पेशीचं) टेलोमिअरही आखूड झालेलं असतं, त्यामुळे ट्यूमर भागिले शेजार हे गुणोत्तर १च्या जवळ आलं तरी त्याचा अर्थ 'ठीकठाक' होत नाही. दोन्ही मापं स्वतंत्र ठेवा. पहिल्या २ वर्षांत उलटलेला आजार बहुधा मूळ ट्यूमरचाच पसरलेला भाग असतो, नंतरचा बऱ्याचदा त्याच खराब लिव्हरमध्ये नव्याने उगवलेला. ट्यूमरचं माप आणि टर्ट पहिल्यासाठी तपासा, शेजारचं माप दुसऱ्यासाठी.

सर्वांत चांगली पी-व्हॅल्यू येईपर्यंत लांबीची सीमा सरकवत बसू नका. लांबी सलग आकडा म्हणूनच मॉडेलमध्ये घाला, वय घालाच. समजा ४० जणांत आजार उलटला, तर ४ चलांपेक्षा जास्त पेलणार नाहीत. वय आणि लांबीने दोन गेली, रक्तवाहिनीतला शिरकाव तिसरा. चौथी जागा एएफपीला (रक्तात मोजली जाणारी ट्यूमरची खूण) की टर्टला, ते निकाल बघण्याआधी लिहून ठेवा.

ब्लॉक_८४:
टर्टला देतो. एएफपी १९ जणांचं नोंदलेलंच नाही.