लोडवर गेलं की इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) इंजिन कार्ब्युरेटरमधून फटके मारतंय, कुठून बघायला सुरुवात करू?

खोलपाणी:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. बोटीत ५.७ लिटरचं पेट्रोल व्ही-८ आहे, कार्ब्युरेटरवालं, सरळ शाफ्टवर. धक्क्याला बांधलेली असताना पहिल्या सेल्फला सुरू होतं, आयडल छान, न्यूट्रलला रेस दिली तरी काही त्रास नाही. पण बाहेर नेऊन २८००-३००० आरपीएमच्या पुढे गेलो की आधी दम लागल्यासारखं करतं आणि मग वरच्या बाजूने फाट्‌कन आवाज, सलग दोनतीनदा, आरपीएम धपकन खाली. थ्रॉटल मागे घेतला की लगेच शांत. परवा मुलं बोटीत होती, इंजिन बॉक्सखालून असा आवाज आला की धाकटीने परत येईपर्यंत माझा हात सोडला नाही, तेव्हापासून कोणाला घेऊन जायची हिंमतच होत नाही. प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर सगळं मागच्याच महिन्यात नवीन टाकलंय. कार्ब्युरेटर उघडू का टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) बघू?

सुकाणू७:
कार्ब्युरेटर लगेच उघडू नका, त्याची पाळी शेवटी. तुम्ही "वरच्या बाजूने" लिहिलंय ते फार कामाचं आहे. फटका एक्झॉस्टमधून येत असेल तर न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन तिथे पेटतंय, म्हणजे मिसिंग, टायमिंग मागे पडलेलं किंवा मिक्स्चर जास्त रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. आणि कार्ब्युरेटरमधून येत असेल तर बहुतेक वेळा मिक्स्चर लीन असतं, म्हणजे पेट्रोल कमी, लीन मिक्स्चर सावकाश जळतं, पुढचा इनटेक व्हॉल्व्ह उघडतो तरी सिलिंडरमध्ये आग शिल्लक असते आणि तीच उलटी वर जाते. आयडलला पेट्रोल लागतंच किती, म्हणून तिथे पुरतं आणि लोडवर कमी पडतं. तुमचं वर्णन मला तरी पेट्रोल कमी पडण्याचंच वाटतंय. मोकळ्या पाण्यात एकदा लोडवर चालवा, त्रास सुरू झाला की न्यूट्रल करून तिथल्या तिथे बंद करा, आयडलवर ठेवू नका, आणि प्लग काढून रंग सांगा.

फिरता_पंखा:
प्लगच्या वायरी तुम्हीच बदलल्या असतील तर ५ आणि ७ नंबर परत बघा. शेवरोलेचा स्मॉल ब्लॉक असेल तर फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२, त्यात ५ आणि ७ लागोपाठ येतात आणि सिलिंडरही शेजारी शेजारी, त्यामुळे अदलाबदल झाली की असेच फटके बसतात. कॅपच्या आतही बघा, पेन्सिलची रेघ ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर स्पार्क तिथून पळतोय, ओलाव्याने होतं ते, नवीन कॅपलाही होतं. आणि फ्लेम अरेस्टर, कार्ब्युरेटरवरची ती जाळी, काढून एकदा चालवून बघा, तो तेलाने चोंदलेला असेल तर हवाच मिळत नाही.

जुना_रेंच:
वरचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. फ्लेम अरेस्टर काढून इंजिन अजिबात चालवू नका, आणि फटके मारणारं इंजिन तर मुळीच नाही. कार्ब्युरेटरमधून वर येणारी ज्वाला त्या जाळीत थंड होऊन विझते, तो एवढ्याचसाठी तिथे आहे. अमेरिकेत १९४० पासून पेट्रोल इनबोर्डला तो सक्तीचा आहे तो उगाच नाही. गाडीत बोनेटखालून वारा वाहतो, बोटीत पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, जाऊन साचते आणि एक ठिणगी पुरते. काढा, सॉल्व्हंटने धुवा, पूर्ण वाळवा, घट्ट बसवा, मग सुरू करा. दरवेळी आधी बिल्ज हुंगा आणि वाफ बाहेर काढणारा ब्लोअर पंखा किमान ४ मिनिटं चालवा. गाडीचा डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, अल्टरनेटर बोटीला लावू नये ते याच कारणाने, मरीन पार्टमधली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू शकत नाही.

बाकी ५-७ बद्दल, त्या उलट्या असत्या तर आयडललाही इंजिन थरथरलं असतं. पण बघायला दोन मिनिटं लागतात, बघून घ्या, आणि त्या दोन वायरी एकमेकींना चिकटून समांतर नेल्या असतील तर लांब करा.

खोलपाणी:
सगळ्यांचे आभार. ५ आणि ७ बरोबर आहेत, कॅपमध्ये रेघ नाही, टायमिंग लाइट लावून मार्क बघितला तोही प्लेटवर लिहिलंय तिथेच येतोय. अरेस्टर धुतला, मळकट होता पण चोंदलेला नव्हता. प्लग मात्र आठच्या आठ पांढरेफटक, खडूसारखे. वॉटर सेपरेटर फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून तासभर ठेवलं, तळाला पाणी नाही आलं, पण तपकिरी बारीक पापुद्रे बसले, नखाने दाबले तर रबरासारखे. फिल्टर नवीन टाकला तरी फटके तसेच.

सुकाणू७:
आठही पांढरे म्हणजे एका सिलिंडरचा किंवा व्हॉल्व्हचा प्रश्न नाही, सगळ्यांनाच पेट्रोल कमी जातंय. आता एकच प्रयोग करा. आउटबोर्डची सुटी टाकी घ्या, ती मोकळ्या हवेत डेकवर नीट बांधा, इंजिन बॉक्समध्ये नको, आणि चांगल्या होजने थेट पंपाच्या इनलेटला जोडा. त्यावर जर व्यवस्थित पळालं तर पंप आणि कार्ब्युरेटर दोन्ही सुटले, दोष पंपाच्या मागे, टाकीकडे.

जुना_रेंच:
आणि ते पापुद्रे तुमच्या जुन्या होजच्या आतल्या अस्तराचे असणार, इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला खातं. बाहेरून होज ठणठणीत दिसतो आणि आतून अस्तर सुटून पडद्यासारखं लोंबतं, पंपाने जोरात ओढलं की वाट बंद. टाकीवर होज जिथे लागतो तिथे अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंगवर एक छोटी गोळी, तोही काढून बघा. टाकीत हवा घेणारा व्हेंटसुद्धा, कधी कधी किडे घर करतात त्यात. व्हेंटची शंका असेल तर त्रास सुरू झाल्यावर फिलर कॅप सैल करा, तेवढ्याने सुधारलं तर व्हेंटच.

खोलपाणी:
सापडलं!! सुट्या टाकीवर काल ४००० पर्यंत गेलो, एक फटका नाही. आज टाकीकडचं उघडलं. व्हेंट मोकळा होता. अँटी-सायफन व्हॉल्व्ह काढला तर गोळीभोवती तेच तपकिरी पापुद्रे आणि पांढरट खर, टाचणीने ढकलली तरी गोळी अर्धीच सरकत होती. होज उभा कापून बघितला, आतलं अस्तर बोटभर लांब सुटलेलं. एकाने सांगितलं की व्हॉल्व्हमधली गोळी काढूनच टाक, कटकट नको. तसं केलेलं चालतं का?

जुना_रेंच:
नाही. टाकीच्या पातळीखाली कुठे होज फुटला तर सायफन होऊन अख्खी टाकी बिल्जमध्ये रिकामी होईल, ते अडवायलाच ती गोळी आहे. त्याच मापाचा नवीन व्हॉल्व्ह टाका आणि मरीन रेटिंगचा ए१ होज घ्या, अंगावर छापलेलं असतं. फिल्टर पहिल्या काही तासांनी परत उघडून बघा, उरलेले पापुद्रे येत राहतील. इतके दिवस लीन चाललंय तर एकदा कॉम्प्रेशनही तपासा, एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर व्हॉल्व्ह जळालाय.

खोलपाणी:
व्हॉल्व्ह, होज, क्लॅम्प सगळं नवीन टाकलं. सुरू करायच्या आधी प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर लावून बघितला, कोरडा. कॉम्प्रेशन आठही सिलिंडरला जवळजवळ सारखं. वीस मिनिटं ३४०० वर चालवलं, एकदाही फटका नाही, प्लग आता फिकट तपकिरी व्हायला लागलेत. रविवारी धाकटीला घेऊन जातोय, तिला आधीच सांगून ठेवलंय की ब्लोअरची चार मिनिटं घड्याळावर तिने मोजायची.