लहान मुलं घेऊन मिशनच्या कामाला केनियाला चाललोय, आधी कुणी गेलंय का?

माडाची_सावली:
सलाम सगळ्यांना. आम्ही वेंगुर्ल्याचे. नवरा लॅब टेक्निशियन, मी नर्स. दोन वर्षं प्रार्थना करून, पाळकांशी, मंडळीतल्या मोठ्या माणसांशी बोलून शेवटी ठरलंय की डिसेंबरात जायचं, केनियाच्या किनाऱ्यावर मोंबासाच्या वर एका मिशनच्या दवाखान्यात, तीन वर्षांसाठी. थोरला सहा वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची. देवाचं पाचारण आहे याबद्दल आम्हा दोघांच्या मनात काही शंका नाहीये, पण मुलांचं काय हा विचार आला की रात्री झोप लागत नाही. सासूबाई एकदाच बोलल्या, "माझ्या नातवांक खंय घेऊन जातंस गो?" आणि तेव्हापासून गप्पच आहेत, ते जास्त लागतंय. थोरल्याने तर काहीच विचारलं नाही, फक्त परवा केर काढताना त्याच्या खाटेखाली बोर्नव्हिटाचा डबा सापडला, त्यात शिंपले, एक तुटकी चावी आणि आमच्या मांजराच्या गळ्यातली घंटा. मी डबा होता तिथेच ठेवून दिला.
शाळेचं काय करायचं, आजारपणाचं काय, मराठी टिकते का, हे सगळं विचारायचंय. काही लोक म्हणतात तिकडे चांगलं बोर्डिंग आहे, थोरल्याला तिथे घाला म्हणजे तुम्ही कामाला मोकळे. खरं सांगा प्लीज, मनाला बरं वाटेल असं नको.

किलिफीहून_परत:
सलाम ताई. आम्ही त्याच पट्ट्यात सात वर्षं होतो, दोन मुलं, एक इकडून नेलेला आणि एक तिकडे झालेली, म्हणून जरा लांब लिहितोय.
आधी कागद. धार्मिक आणि सेवाभावी कामाचं परमिट तिकडे वेगळं असतं, क्लास आय म्हणतात, ते मिशन काढेल पण मुलांचे आणि तुमचे डिपेंडंट पास, म्हणजे सोबतच्या कुटुंबाचे, कुणाच्या नावावर आणि कधी होणार ते लेखी विचारा. यलो फीव्हरची लस सरकारमान्य सेंटरवरच मिळते, नऊ महिन्यांच्या आत देत नाहीत, तुमची धाकटी बसते त्यात. निघायच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते आता जन्मभर चालतं, पण हरवू नका, कारण सुट्टीला घरी येताना आपल्या एअरपोर्टवर मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात, लहान मूल असलं तरी. आणि तिसरं बाळ तिकडे झालं तर एका वर्षाच्या आत आपल्या हायकमिशनमध्ये जन्म नोंदवा. २००४ नंतर नियम तसाच आहे, वर्ष उलटलं की दिल्लीची परवानगी लागते. आमची अकराव्या महिन्यात धावपळ झाली होती.
आता मलेरिया. यावर मी जरा ओरडूनच सांगणार. तिकडच्या मोठ्या माणसांना लहानपणापासून होऊन होऊन थोडी ताकद आलेली असते, आपल्या पोरांना ती शून्य. मच्छरदाणी रोज, अगदी रोज, कडा गादीखाली खोचून, आणि औषध कोणतं द्यायचं ते वजन बघून डॉक्टर ठरवतील. पण आम्हाला फटका बसला तो तिकडे नाही, इकडे! सुट्टीला गावी आलो, नवव्या दिवशी थोरल्याला ताप, तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सिरप दिलं, मीही आफ्रिकेचं बोललो नाही, डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या रात्री पोरगं बरळायला लागलं. रक्त तपासलं तर फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा मलेरिया. देवाच्या कृपेने वाचला. तेव्हा ताप आला की पहिलं वाक्य "आम्ही केनियातून आलोय, मलेरिया तपासा". तुम्ही दोघं याच लाइनमधले आहात, पण आईबाप झालो की आपलं शिक्षण बाजूला राहतं हे मी अनुभवलंय. स्वाहिलीत तापाला 'होमा' म्हणतात, हा शब्द आधी शिका.
भाषेची काळजी करू नका, पोरं तीन महिन्यांत बोलतील. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', चपातीला चपातीच, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला 'कचुंबरी', सगळे शब्द आपल्या बाजूच्या व्यापाऱ्यांबरोबर गेलेले. आणि नारळ! किनाऱ्यावर घरोघरी नारळ खवतात, लाकडी बैठक, पुढे दातेरी लोखंडी पातं, बाई त्यावर बसून खवते, हुबेहूब आपल्यासारखं. त्याला म्हणतात 'म्बुझी', म्हणजे बकरी. माझी बायको पहिल्या आठवड्यात शेजारणीच्या म्बुझीवर बसली आणि एका नारळात दोघींची मैत्री झाली, भाषा नंतर आली.
मराठीचं मात्र तसं नाही, ती आपोआप टिकत नाही. आमच्याकडे संध्याकाळची प्रार्थना आणि भजन मराठीतच, कितीही पाहुणे असले तरी. बोलणं टिकलं, वाचणं नाही टिकलं, ती चूक आमची. रोज अर्धा तास बाराखडी घेतली असती तर जमलं असतं.

ट्रंक_नंबर_४३:
मी कधी लिहीत नाही इथे, पण बोर्डिंगचं वाचलं आणि राहवलं नाही.
माझे आईवडील मिशनरी होते, देशाबाहेर, मी सातव्या वर्षी बोर्डिंगला गेले. ट्रंकवर पांढऱ्या रंगात नंबर होता. दर रविवारी घरी पत्र लिहायचं आणि ते वॉर्डन वाचणार, म्हणून मी दर रविवारी लिहायचे की मी मजेत आहे. आईने ती सगळी पत्रं जपून ठेवली आणि तिला खरंच वाटायचं की मी मजेत आहे. शाळा वाईट नव्हती हो, मारझोड नाही, जेवण चांगलं, शिकले पण चांगली. पण बोलावणं आईबाबांना झालं होतं, मला नव्हतं झालं, हे मी आईला तिशीत सांगितलं आणि ती खूप रडली, म्हणाली तू तेव्हा बोलली का नाहीस. सात वर्षांचं मूल काय बोलणार? देवाच्या कामाच्या विरुद्ध बोलतोय असं वाटतं ना मुलाला. आपला हट्ट म्हणजे पाप, असं.
मिशनवाल्यांची बोर्डिंगं जुनी आहेत, कोडाईकॅनॉलची १९०१ ची, केनियात किजाबेची १९०६ ची, चांगल्याच शाळा म्हणून नावाजलेल्या. पूर्वी आगबोटीने महिनाभर लागायचा, जवळ शाळा नसायची, त्या लोकांचा इलाज नव्हता. तुमचा आहे. सहाव्या वर्षी पाठवू नका एवढंच सांगते. तिकडचं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तुम्ही डिसेंबरात जाताय म्हणजे बरोबर वेळेत. जवळच्या शाळेत घाला, दुपारी घरी येऊ दे.
आणि एक गोष्ट. आईबापांच्या कामामुळे परक्या देशात वाढणाऱ्या मुलांना थर्ड कल्चर किड म्हणतात, तो शब्द रूथ युसीम नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी काढला, १९५० च्या दशकात त्या स्वतः तीन मुलं घेऊन भारतात राहात होत्या तेव्हाच्या अभ्यासातून. मला हे कळलं तेव्हा वाटलं, अरे आपल्याला नाव आहे! आणि तुमच्या वेंगुर्ल्याचंच उदाहरण आहे की. मिशन हॉस्पिटलच्या गोहीन डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट, १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला, पंधराव्या वर्षापर्यंत भारतात वाढला, पुढे प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून परत इथेच आला. तुमच्या थोरल्याला सांगा ही गोष्ट. मोठा माणूस झाला म्हणून नव्हे, एक मुलगा समुद्रापलीकडून आलेल्या घरात, त्याच्याच गावात वाढला म्हणून.

बंदरावरचा:
आम्ही ख्रिश्चन नाही, पण आमचे बाबा पंचवीस वर्षं जहाजावर, रत्नागिरीत अशी घरं खूप, म्हणून लिहितो. बाबा नेहमी मी झोपलेला असताना निघायचे, रडू नये म्हणून. मी बारा वर्षांचा होईपर्यंत रात्री झोपायला घाबरायचो. तेव्हा मुलाला मांजराचा, आजीचा, शेजाऱ्यांचा नीट निरोप घेऊ दे, रडला तर रडू दे. आजीसाठी फोनची वेळ ठरवून टाका, केनिया आपल्या अडीच तास मागे आहे, तिकडे संध्याकाळचे सहा म्हणजे आजीचे साडेआठ, जेवण झालेलं असतं. रोज नको, पण ठरलेला वार चुकवू नका.

दादरकर_आजोबा:
माझं मत वेगळं. धाकटीला आजीजवळ ठेवा, तीन वर्षं म्हणजे काही जास्त नाही, तब्येत तरी जपली जाईल.

ट्रंक_नंबर_४३:
आजोबा, राग मानू नका, पण तीन वर्षांनी ती आईला ओळखणार नाही. नका हो असं सांगू.

माडाची_सावली:
सगळ्यांचं रात्री दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. बोर्डिंग नाही, हे ठरलं, मिशनला कालच मेल केला. धाकटीही आमच्याबरोबरच येणार.
४३ ताई, तुमचं वाचून मी सकाळी थोरल्याला मांडीवर घेतलं आणि विचारलं की तुला यायचंय का आणि नको वाटत असेल तर सांग, मम्मी रागावणार नाही, देव पण रागावणार नाही. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मांजर कोण बघणार? दोन महिने त्याच्या मनात हेच होतं! मी आजीचं नाव घेतलं तर तो स्वतः उठून आजीला विचारायला गेला. गोहीन डॉक्टरांच्या मुलाची गोष्ट पण सांगितली, तर लगेच विचारतो त्याचं मांजर कुठे होतं.
दादा, म्बुझीचं सासूबाईंना सांगितलं. मी त्यांचा जुना आडाळो, म्हणजे आमच्याकडची नारळ खवायची विळी, बरोबर न्यायचा म्हणत होते, त्यावरून थोडं वाजलंही होतं आमचं. ऐकून पहिल्यांदा हसल्या त्या. म्हणाल्या, "मगे माझो आडाळो कित्याक व्हरतंस? हयच ऱ्हवांदे, सुट्टीक येशात तेव्हा लागतलो."