बाटलीवर चिनी आठ कोरला आणि लाफित महागली, मग पैसे नक्की कशाचे?

फुकटचंबू
शातो लाफित रॉथशिल्ड म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो या वाईनच्या प्रांतातलं एकदम वरचं नाव (शातो म्हणजे वाडा आणि त्याचा द्राक्षमळा). यांनी 2010 मध्ये जाहीर केलं की 2008 च्या वाईनच्या बाटलीवर चिनी लिपीतला आठ कोरणार, कारण आठ तिकडे शुभ. झालं, भाव एका झटक्यात वीसेक टक्के वर. वाईन तीच, द्राक्षं तीच, काचेवर एक आकडा वाढला फक्त. आणि पहिल्या दर्जाचा शिक्का यांना मिळाला कुठून, तर 1855 च्या यादीतून, जी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने मागवली होती आणि बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव बघून लावली, महाग ती वर, स्वस्त ती खाली, अशा पाच पायऱ्या. म्हणजे भाव होता म्हणून दर्जा मिळाला आणि आता दर्जा आहे म्हणून भाव मागतायत. वर तो दर्जा शातोच्या नावाला, जमिनीला नाही, त्यामुळे त्याच शिवारातला शेजारचा तुकडा विकत घेतला की तिथली द्राक्षंपण रातोरात खानदानी. मला तरी हा सगळा नावाचा धंदा वाटतो, पटत नसेल तर बोला.

मेधा_बोर्दो
अजिबात पटत नाही. दलालांनी काय एका वर्षाचा भाव बघितला नव्हता, वर्षानुवर्षांच्या वह्या होत्या त्यांच्याकडे, आणि इतका काळ लोक एखाद्या मालाला जास्त पैसे मोजतायत ते उगीच का? मी इथेच राहते, बोर्दोच्या मेदोक पट्ट्यातली खडीची जमीन बघा एकदा, पाणी टिकत नाही, मुळं खोल जातात, मणी बारीक राहतो. तोडणी हाताने. आणि जे कोणी बोलत नाही ते म्हणजे निवड, आलेला सगळा माल मोठ्या नावाखाली जातच नाही, लाफितचा बराचसा माल कारुआद नावाच्या दुसऱ्या वाईनमध्ये जातो.

निफाडकर
बागायतदार म्हणून बोलतो. तिकडे हेक्टरी 40-45 हेक्टोलिटर (एक म्हणजे 100 लिटर) वाईन धरा, म्हणजे एकरी सव्वादोन हजार बाटल्यांच्या आतबाहेर. आम्ही खाण्याच्या द्राक्षाची विरळणी करतो ती मणी फुगावा म्हणून, हे लोक घड काढून टाकतात ते उरलेल्यात रस घट्ट यावा म्हणून, मजुरी दोघांनाही लागतेच. आता वाईन मुरवायचं ओक लाकडाचं नवं फ्रेंच बॅरल आठशे-हजार युरोला, त्यात 225 लिटर, म्हणजे 300 बाटल्या, बाटलीमागे झाले तीनेक युरो. काच, बूच, मजूर, दोन वर्षं माल अडकून पडतो त्याचं व्याज, सगळं ओढूनताणून धरलं तरी 50 युरोच्या वर कसं न्यायचं मला कळत नाही, आणि बाटली जाते चारशे-पाचशेला. दुर्मीळ म्हणाल तर लाफितच्या वर्षाला दीड-दोन लाख बाटल्या निघतात हो.

मेधा_बोर्दो
दादा, जमीन धरलीच नाहीत तुम्ही. लाफितच्या पोयाक गावात हेक्टरला 20 लाख युरोच्या वर भाव आहे.

निफाडकर
ताई, जमीन महाग झाली ती वाईन महाग विकते म्हणूनच ना. उलटं कशाला सांगता.

फुकटचंबू
निफाडकर 🙏 जाहिरातीचं पण बघा. फ्रान्समध्ये 1991 पासून एव्हाँ कायदा आहे, टीव्हीवर दारूची जाहिरात बंद, बाकी ठिकाणी गाव, पद्धत, परंपरा एवढंच सांगायचं. मोठ्या शातोंना तेच तर हवंय! जुना वाडा आणि 1855, अजून काय पाहिजे. उरलेलं काम रॉबर्ट पार्करसारखे समीक्षक 100 पैकी मार्क देऊन करायचे, तेही वाईन अजून बॅरलमध्ये असताना. 2003 च्या वसंतात इराक युद्धामुळे पार्कर बोर्दोला वेळेवर आलेच नाहीत, त्यांच्या मार्कांआधी भाव जाहीर करावे लागले, आणि नंतर अर्थतज्ज्ञांनी हिशोब काढला तर या माणसाच्या मार्कांची किंमत सरासरी बाटलीमागे तीनेक युरो निघाली.

मेधा_बोर्दो
तीन युरो! चारशेमधले तीन. तुमच्याच पुराव्याने तुमचं म्हणणं पडलं की.

फुकटचंबू
सरासरी म्हटलंय मी, त्यात स्वस्तातल्या बाटल्यापण आल्या.

साखरझोप_पुणे
2008 चा कॅलिफोर्नियातला प्रयोग कोणी आणला नाही अजून? एकच वाईन दोनदा दिली, एकदा 10 डॉलरची सांगून, एकदा 90 ची सांगून, आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं. 90 वाली जास्त आवडली, आणि नुसतं तोंडदेखलं नाही, मेंदूतला मजेचा भागच जास्त पेटला. मग फसवणूक कसली, मजा खरी आहे ना? पैसे मजेचेच देतो आपण.

रोकडा_हिशोब
या न्यायाने मला दहाची देऊन नव्वदची आहे म्हणा, माझे ऐंशी वाचतील.

मेधा_बोर्दो
किंमत न सांगता सहा हजारांवर चाखण्यांचा एक अभ्यास त्याच सुमाराचा आहे, त्यात साध्या लोकांना महाग वाईन थोडी कमीच आवडली, पण वाईन चाखायला शिकलेल्यांच्या बाबतीत महाग वाईनला किंचित जास्त मार्क पडले. म्हणजे बाटलीत काहीतरी आहे, ते कळायला जीभ तयार लागते. आमच्याकडे गाणं कळायला कान तयार करतात तेव्हा कोणी कटकट करत नाही.

फुकटचंबू
तयार जिभांचंच सांगतो मग. 1976, पॅरिस, फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईनची चाचणी, ज्यांचे मार्क धरले ते परीक्षक सगळे फ्रेंच, लेबल झाकलेली, आणि रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, बोर्दोच्या पहिल्या पायरीवरच्या मूटॉन आणि ओ-ब्रियाँ मागे. तेव्हा फ्रेंच म्हणाले आमच्या वाईनला मुरायला वेळ लागतो. बरं, 30 वर्षं मुरवून 2006 मध्ये त्याच रेड परत चाखल्या, पहिली आली रिजची मॉन्टे बेलो, परत कॅलिफोर्निया.

मेधा_बोर्दो
आणि आता कॅलिफोर्नियाच्या त्या नावांचे भाव काय आहेत बघितलेत? जिंकल्यावर तीही महागच झाली. शिवाय बाजार डोळे मिटून यादी पाळतो असंही नाही, बोर्दोचीच लिंच-बाज पाचव्या पायरीवर आहे पण भाव दुसऱ्या पायरीच्या आसपास खातो, घेणाऱ्यांना कळतं.

फुकटचंबू
म्हणजे यादी चुकीची आहे हे तुम्हीच सांगताय. तरी ती हलत नाही. इतक्या वर्षांत वरखाली झालं ते एकच, 1973 ला मूटॉन दुसऱ्यावरून पहिल्या पायरीवर गेली, तेपण मालक बॅरन फिलिप वर्षानुवर्षं मागे लागले म्हणून. त्या सालच्या लेबलवर पिकासोचं चित्र. साल बोर्दोत सुमार होतं, तरी ती बाटली लोक लेबलासाठी घेतात, प्यायला नाही.

मेधा_बोर्दो
प्यायला घेतच नाहीत तर मग चवीवरून भांडताय कशाला? चित्राचा भाव आहे तो, वाईनच्या खात्यात का टाकताय.

रोकडा_हिशोब
कारण बिलावर वाईन लिहिलंय.